गौरीचे हात दुसऱ्या मजल्यावर

१८ मे, रविवार

आले! आले एकदाचे!

महिपत भावोजी सकाळी आंब्यांची पेटी घेऊन दारात, आणि पेटीत आंब्यांच्या खाली, पेंढ्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन कंद. मी आंबे बाजूला सारून आधी कंद काढले. आनंद म्हणाला, "अगं, गावाहून आलेल्या माणसाला पाणी तरी दे." दिलं की नंतर!

मार्चपासून भावोजींच्या मागे लागले होते. गावच्या घरामागे कुंपणात दर पावसाळ्यात ही वेल उगवते. कोणी लावत नाही, कोणी पाणी घालत नाही. लाल-पिवळी फुलं, पाकळ्या बोटांसारख्या वर वळलेल्या. आमच्याकडे तेरड्याची गौर असते, आणि तिला हात म्हणून ही फुलं बांधतात. गौरीचे हात. दिवाळीनंतर वेल वाळून जाते, कंद जमिनीत झोपून राहतो, पुन्हा पुढच्या पावसाला हजर. एवढी चिवट बाई ठाकुर्लीतल्या ग्रिलमध्ये जगणार नाही म्हणजे काय!

सासूबाईंनी लांबूनच ओळखलं. "हे तोंडात घालायचं नाही हं कुणी. विषारी असतं. आणि हात धुवा साबणाने."

मग माझ्याकडे वळून, "कशाला आणवलेस? गौर बंद म्हटलंय ना मी."

१९ मे

तेच तर डोक्यात बसलंय. गेल्या वर्षी बाजारात तेरडा मिळाला, तोही माना टाकलेला. हात नाहीतच. फुलवाली म्हणाली, "ताई, ते आता कोण आणतंय?" मी शहाणपणा करून जरबेऱ्याची दोन फुलं बांधली. गुलाबी! आईंनी गौरीकडे एकदा बघितलं. विसर्जन करून आलो आणि चपला काढता काढता म्हणाल्या, "पुढच्या वर्षीपासून गौर नको. गणपती पुरे."

माझं डोकंच फिरलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून गौर मी आणते. दारातून पावलं उमटवत, तोंडातून शब्द न काढता (मला तो सगळ्यात अवघड भाग). आई तेव्हा आत ओट्याशी भाकऱ्या थापत असतात. आणि आता माझ्या जरबेऱ्यामुळे गौर बंद?

आज सरळ पैज लावली. "आई, हात इथे फुलले तर गौर आणायची. कबूल?"

"ग्रिलमध्ये कुठे फुलतात ते!"

"पण फुलले तर?"

"तर बघू."

'तर बघू' म्हणजे आईंच्या भाषेत पाऊण होकार. मी नाचले स्वयंपाकघरात. सान्वी म्हणाली, "मम्मी, चिल."

२१ मे

ऑफिसहून येताना कंपनीची बस शीळफाट्याला अडकली ती अडकलीच. मी उतरले आणि तिथल्या नर्सरीत घुसले. माती, वाळू, शेणखत घेतलं. नर्सरीवाल्याने विचारलं, काय लावताय? सांगितलं. तो म्हणे, "कळलावी? मॅडम, घरात नका लावू. भांडणं होतात."

म्हटलं, त्याची काळजी नको, ती आमच्याकडे आधीपासून आहेत.

आहेतच. वरच्या मजल्यावरची योगिनी. तिच्या बाथरूममधून आमच्या बाथरूमच्या छताला ओल येते. ती म्हणते तिच्याकडून नाही. मी म्हणते मग काय आभाळातून? सोसायटीच्या मीटिंगमध्ये आम्ही दोघी इतक्या कडाडलो की सेक्रेटरी बाबुरावांनी चहाच मागवला नाही. तेव्हापासून जिन्यात समोरासमोर आलो की दोघी मोबाईल बघतो. तिचा नवरा दुबईला असतो म्हणे. नशीबवान माणूस.

कंद लावले. आडवे, फार खोल नाही. हात साबणाने धुतले.

३१ मे

काही नाही.

७ जून

काही नाही!! जरासं उकरून बघणार होते, तर आईंनी हातावर चापट मारली. "बाळंतिणीच्या खोलीत असं सारखं डोकावतात का?" म्हणजे 'बंद बंद' म्हणणारी बाई कुंडीवर लक्ष ठेवून आहे तर.

१४ जून, शनिवार

कोंब! कोंब! कोंब!

सकाळी दूध घ्यायला उठले आणि बघते तर मातीतून हिरवा भाला वर आलेला. करंगळीएवढा. काल नव्हता, शपथेवर सांगते नव्हता. आनंदला गदगदा हलवून उठवलं. तो डोळे न उघडता "छान आहे" म्हणाला. हा माणूस ताजमहालही झोपेतच बघेल.

२९ जून

दुसऱ्या कुंडीत वास यायला लागला म्हणून शेवटी उकरलंच. कंद कुजलाय. हाताला लागताच लिबलिबीत. माझंच पाणी! रोज प्रेमाने घालत होते, वर पाऊस. रडूच आलं, खरंच. आई म्हणाल्या, "कुंपणात तिला कोण पाणी घालतं? तू जरा तिला एकटं सोड."

आता एकच उरलाय. म्हणजे सगळी भिस्त त्या एका हिरव्या काडीवर.

६ जुलै

वेलीची गंमत कळली! तिला वेगळे तणावे नाहीतच. पानाचं टोकच लांब होऊन वळतं आणि जे मिळेल ते धरून बसतं. सुतळी बांधून दिली तर सुतळी सोडून ग्रिलचा गज पकडला. हट्टी आहे, माझ्यावर गेलीय. आणि शेंडा इतका नाजूक की बोट लागलं तरी मोडेल. मोडला तर यंदाचं फूल विसरा, असं भावोजींनी फोनवर तीनदा बजावलं. कामवाल्या बाईंना ग्रिल पुसायला बंदी. कपडे वाळत घालायलाही बंदी. आनंदचे शर्ट बेडरूमच्या पंख्याखाली. कुरकुरतोय.

२० जुलै

ऑफिसात ऑडिट. वागळे इस्टेटमध्येच बिछाना टाकावा असे दिवस. वेलीला बघितलं नाही आठवडाभर. आनंदला विचारलं, तर म्हणाला, "मस्त वाढतेय."

२७ जुलै, रविवार

मस्त वाढतेय!!! कुठे वाढतेय ते नाही सांगितलं!

आज निवांत गेले ग्रिलपाशी. कुंडीत देठ आहे, दोन हात वेल आहे, आणि पुढे शेंडाच नाही. वर बघितलं. वरून योगिनीच्या डिशची जुनी केबल लोंबत होती, तिला धरून बाईसाहेब सरळ दुसऱ्या मजल्यावर! योगिनीच्या ग्रिलमध्ये शिरून तिथे ऐसपैस पसरल्यात. माझी माती, माझं खत, माझी कुंडी, आणि बिऱ्हाड वर!

आनंद हसत सुटला. आईही हसल्या, तोंडाला पदर लावून. मला नाही हसू आलं. म्हणजे आलं, पण नंतर.

२ ऑगस्ट

खाली ओढून बघितली. हलक्या हाताने. एक पान फाटलं, टचकन आवाज आला. आई मागून ओरडल्या, "सोड! जिथे गेलीय तिथे राहू दे तिला."

पण आई, तिथे म्हणजे कुठे, ते बघा ना!

१० ऑगस्ट

कळ्या आल्यात! रस्त्यावर उभं राहून, मान मोडेपर्यंत वर बघून, मोजता आल्या तेवढ्या मोजल्या. भरपूर आहेत. हिरव्या, खाली तोंड करून लोंबणाऱ्या. आणि सगळ्याच्या सगळ्या योगिनीकडे. माझ्या ग्रिलमध्ये एकही नाही. इस्त्रीवाल्याने विचारलं, "भाभी, क्या गिर गया?" म्हटलं, नशीब.

तरी आज आनंदात आहे. कळी म्हणजे कळी! ठाकुर्लीत आली!

१५ ऑगस्ट

आज तर कहरच.

खाली झेंडावंदन झालं, सगळी सोसायटी जमलेली, आणि बाबुरावांनी झेंड्याकडे बघता बघता मान जरा तिरकी केली. "अरे वा! हे काय फुललंय?" सगळ्यांनी वर बघितलं. पहिलं फूल! काल रात्री उमललं असणार. पिवळं, कडेने लाल व्हायला लागलेलं, पाकळ्या वर करून. मी तोंडावर हात दाबला नाहीतर किंचाळलेच असते.

आणि अभिनंदन कोणाचं? योगिनीचं! "योगिनी मॅडम, काय सुंदर झाड लावलंय!" "आम्हालाही द्या ना रोप!" मी तिरंग्याखाली धुमसत उभी.

ती म्हणाली, "माझं नाहीये ते. खालून आलंय."

बस, एवढंच म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही. मीही नाही बघितलं. पण ऐकलं.

१९ ऑगस्ट

पाऊस नुसता कोसळतोय. ऑफिस बंद. वारा असा की समोरच्यांचा पत्रा उडाला. माझा जीव वर टांगलेला. खिडकीतून डोकं बाहेर काढलं, अर्धी भिजले, आणि बघते तर वर ग्रिलमध्ये छत्री! उघडी छत्री, दांडा गजाला ओढणीने बांधलेला, आणि खाली माझी वेल, एकदम कोरडी.

आत येऊन आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "केस पूस आधी."

२३ ऑगस्ट

जिन्याच्या मधल्या वळणापर्यंत जाऊन परत आले. काय बोलणार? 'थँक्यू, आणि ओलीचं काय करतेस?' आनंद म्हणतो, जा की. सान्वी म्हणते, "मम्मी, सीन नको करू, सरळ बेल वाजव ना." यांना काय जातंय!

२७ ऑगस्ट

बाप्पा आले. गडबड, मोदक, पाहुणे.

सगळे जेवून पांगल्यावर आई हळूच म्हणाल्या, "किती उमललेत गं?" गुडघ्यांमुळे त्यांना खाली रस्त्यावर जाऊन बघता येत नाही. आणि त्यांनी विचारलं! स्वतःहून!

"पुष्कळ! म्हणजे आता गौर आणायची ना?"

"तेरडा सांगून ठेव. सुकलेला नको."

जिंकले! जिंकले! जिंकले!

३० ऑगस्ट, शनिवार

आज गेले वर. जावंच लागलं, उद्या गौर. शिवाय आईंनी निरोप दिला होता. "गावी जिथे फुललं तिथूनच गौर निघते. तेरडा वर घेऊन जा, तिथेच हात बांध. आणि वरच्या सुनेला म्हणावं, सवाष्णीच्या हाताने खाली आण."

म्हणजे योगिनीने गौर आणायची! माझी गौर! पोटात जरा दुखलं. पण फुलं तिच्याकडे, त्याला काय करणार.

बेल वाजवली. दार उघडताच ती म्हणाली, "लीकेजचं असेल तर प्लंबर सोमवारी—"

"लीकेजचं नाही. फुलांचं."

आत गेले. पहिल्यांदाच. ग्रिलपाशी खुर्ची, खुर्चीवर लॅपटॉप, आणि वेल! अगं बाई, जवळून काय दिसते ती! जुनी फुलं लालभडक, नवी पिवळी, कळ्या अजून आहेतच. आम्ही दोघी किती वेळ नुसत्या बघत उभ्या राहिलो. योगिनी म्हणाली, "घरूनच काम करते मी. दिवसभर कोणी नसतं. सकाळी उठून आधी हिला बघते. फुलं कापायचीत का सगळी?"

"सगळी कशाला! दोन-चार हातांपुरती." मग आईंचा निरोप सांगितला.

तिचा चेहरा उतरला. "मला नाही चालणार ते. म्हणजे, त्यांना नाही चालणार. मार्चमध्ये डिव्होर्स झाला माझा. इथे कोणाला सांगितलेलं नाही. तुम्ही फुलं घेऊन जा ना, प्लीज."

मी दोन वर्षं त्या दुबईवाल्याला नशीबवान म्हणत होते.

आणि मग माझं तोंड सुटलं, नेहमीसारखं, विचार करायच्या आधी. "तुझ्या घरात फुललीय, तुझ्या छत्रीखाली वाचलीय, तर तूच आणणार. बाकी मला काही ऐकायचं नाही. उद्या संध्याकाळी तयार राहा. साडी आहे ना?"

खाली आले तर आईंनी विचारलं, "येतेय का ती?" म्हटलं, येतेय. पुढचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर उद्या सगळंच रद्द. लपवलंय खरं. पण खुशीतही आहे, काय करू!

३१ ऑगस्ट, रविवार

गौर आली.

तेरडा ताजा मिळाला, गुलाबी फुलांनी भरलेला. वर योगिनीच्या हॉलमध्ये बसून मी जुडी बांधली, छोटं हिरवं लुगडं नेसवलं. फुलं योगिनीने कापली. कात्री लावताना "सॉरी हं" म्हणाली वेलीला. दोन्ही बाजूंना हात बांधले. आणि गौरीला हात लागताच ती जी दिसायला लागली! इतकी वर्षं मी काय आणत होते कोण जाणे. आत्ता कुठे कोणीतरी येतंय असं वाटलं.

योगिनीने सूप धरलं. मी पुढे, वाकून, कुंकवाची पावलं उमटवत. दुसऱ्या मजल्यापासून पहिल्यापर्यंत जिनाभर पावलं! दरवर्षी आमच्याच दाराबाहेर जाऊन आमच्याच दारातून आत, आज पहिल्यांदा ती खरंच कुठूनतरी निघून आली. गौर आणताना बोलायचं नसतं, तेही बरंच झालं. बाबुराव जिन्यात भेटले, तोंड उघडणार होते, मी डोळे वटारले. ते भिंतीला चिकटून उभे राहिले.

दारात सान्वीने भाकरतुकडा ओवाळून टाकला. योगिनीच्या पायांवर पाणी घातलं. गौर आत आली, सगळ्या खोल्यांतून फिरली, पाटावर बसली. आई आज भाकऱ्या सोडून हॉलमध्ये येऊन उभ्या होत्या, भिंतीला धरून. मी म्हणणार होते, बघा आई, हात!

तेवढ्यात योगिनी बोलली. कोणी विचारलं नव्हतं. "आजी, मी सवाष्ण नाही. घटस्फोट झालाय माझा. तुम्हाला न सांगता आणायला नको होती मी."

"तिला मी सांगितलं," मी म्हटलं. "काय बोलायचं ते मला बोला."

आईंनी तिच्याकडे बघितलं. मग गौरीकडे. मग वळून आत गेल्या. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास सगळीकडे. योगिनी पाया पडून निघून गेली. जेवायला थांब म्हटलं तरी थांबली नाही.

आई एक शब्द बोलल्या नाहीत त्यानंतर. मलाही नाही, आनंदलाही नाही. आनंद म्हणतो, होईल शांत. मला माहितीय, मी घालवलं. हात आणले आणि गौरच घालवली.

पण दिसतेय किती सुंदर! दिव्यासमोर फुलं पेटल्यासारखी वाटतायत. येता-जाता बघते आणि आनंदही होतो आणि रडूही येतं.

१ सप्टेंबर

पूजा झाली. नैवेद्य झाला. आई दुपारभर गौरीसमोर खुर्ची टाकून बसून होत्या. मी चहा ठेवला, तो गार झाला. "आई, चुकलं असेल तर मला शिक्षा द्या. तिला नाही."

संध्याकाळी म्हणाल्या, "वर ताट पाठव." एवढंच. मीच नेलं. तेवढ्यानेही मी उड्या मारत जिना चढले.

२ सप्टेंबर

आज विसर्जन. गौर उचलायच्या आधी आईंनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, "गौर बंद म्हटलं ते हातांपायी नव्हे गं. हे गेल्यापासून मी तिला एकदाही हातात घेतली नाही. कोणी नको म्हटलं नव्हतं, मीच बाजूला झाले. दरवर्षी तू तिला घेऊन दारात आलीस की मला बघवत नसे."

मग पदराने डोळे पुसले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मी आणीन. जिन्यात तुम्ही दोघींनी मला धरायचं."